विचारा हिशेबाचं : बी.कॉम., सीए आणि मकरपुऱ्यातला नफा

बारावीचे निकाल लागले की बडोद्यात रावपुऱ्यातल्या आमच्या सीए ऑफिसचा जिना क्लायंटपेक्षा आई-वडीलच जास्त चढतात. यंदा बरेच प्रश्न पत्रांनी आले ते बरं झालं, निदान चहा वाचला. गठ्ठ्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. नाव छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, म्हणून कोणाचंच छापत नाही. 'सध्या कुठला शेअर घ्यावा' असं ज्यांनी विचारलं आहे त्यांना उत्तर मिळणार नाही. मला ते कळत असतं तर मी या वयात दुसऱ्या मजल्यावर बसून लोकांची रिटर्न भरत बसले नसते.

प्रश्न : ताई, मी यंदा बारावी कॉमर्स गुजराती माध्यमातून केलं, ७४ टक्के मिळाले. घरी मराठी, शाळेत गुजराती आणि आता युनिव्हर्सिटीत सगळं इंग्रजी. बाबांचं मंगळबाजारात कटलरीचं छोटं दुकान आहे. मामा म्हणतो, नुसत्या बी.कॉम.ला आज कोण विचारतं, सीएला बस. आत्या म्हणते, बी.कॉम. नावाला कर आणि क्लास सीएचा लाव. मला दोन्ही झेपेल का?
– विद्यार्थिनी, बाबाजीपुरा

मामाचं अर्धं खरं आहे. आत्याचा सल्ला मात्र महागात पडणारा आहे. 'बी.कॉम. नावाला' हे मी कितीतरी घरांत ऐकते, तेव्हा आधी त्याचाच हिशेब मांडू.

सीएकडे जायला दोन दारं आहेत. एक, बारावीनंतर फाउंडेशन. चार पेपर, ४०० गुण. अकाउंटिंग आणि कायदा लिहून द्यायचे. गणित-संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र वस्तुनिष्ठ, चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. दुसरं दार पदवीनंतरचं. कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन द्यावीच लागत नाही, थेट इंटरमीजिएटला नोंदणी होते, आणि शेवटच्या वर्षाला असतानाच ती तात्पुरती करून ठेवता येते. म्हणजे आत्या ज्याला 'नावाला' म्हणते ते बी.कॉम. नीट केलंस तर एक अख्खी परीक्षा वाचते. नावाला केलंस आणि ४९ टक्क्यांवर सुटलीस, तर ते दार तुझ्यापुरतं बंद. शिवाय सगळेच सीए होत नाहीत. उद्या एम.कॉम. किंवा एमबीए करायचं झालं, बँकेत जायचं झालं, तर समोरचा माणूस पदवीची गुणपत्रिका मागतो. क्लासची पावती कोणी बघत नाही.

इंटरला दोन ग्रुप मिळून सहा पेपर. मग आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, ती २०२३ च्या जुलैपासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. मग फायनल, पुन्हा सहा पेपर. आर्टिकलशिप चालू असताना कॉलेजही करायचं तर सीए इन्स्टिट्यूटची (परीक्षा घेणारी संस्था) रीतसर परवानगी लागते, आणि कॉलेजचे तास ऑफिसच्या वेळेत येऊन चालत नाही. 'दोन्ही एकदम'चं गणित फसतं ते इथे. क्लासवाले हे प्रवेशाच्या दिवशी सांगत नाहीत.

तू पहिली दोन सेमिस्टर फक्त बी.कॉम. कर. फाउंडेशन आता वर्षातून तीनदा होते, जानेवारीत, मे-जूनच्या सुमाराला आणि सप्टेंबरात. यंदा नाही बसलीस म्हणून काही बिघडत नाही. वर्षाच्या शेवटी फाउंडेशनचा अकाउंटिंगचा जुना पेपर घे आणि घड्याळ लावून तीन तास बस. गुण किती पडले हे लगेच मोजू नकोस. तीन तासांनंतर राहिलेला प्रश्न सोडवून बघावासा वाटतोय की वही भिरकावून द्यावीशी वाटतेय, ते आधी बघ. दुसरं असेल तर मामाला माझं नाव सांग.

आता माध्यमाचं. महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत शिकवणं इंग्रजीतून असतं, हे खरं. पण 'नामानां मूळतत्त्वो', म्हणजे गुजरातीतलं अकाउंटिंग, ज्याने नीट केलंय त्याला आमनोंधीचं जर्नल आणि काच्या सरवैयाचं ट्रायल बॅलन्स व्हायला फार दिवस लागत नाहीत. आकड्यांच्या पेपरात भाषा आडवी येत नाही. ती येते कंपनी कायदा, ऑडिट, अर्थशास्त्र लिहिताना. मुलं गाईडमधला परिच्छेद पाठ करतात आणि मधला एक शब्द निसटला की तिथेच अडकतात. चार रंगांच्या हायलायटरने रंगवलेली पुस्तकं मी खूप बघितली आहेत. त्यातलं एक वाक्यही त्या मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगता येत नसतं. त्यापेक्षा रोज एक काम कर. प्रत्येक नोंदीखाली नरेशन, म्हणजे व्यवहाराचा खुलासा, स्वतः लिही. 'बीइंग गुड्स परचेस्ड ऑन क्रेडिट' इतकं तर कोणीही लिहितं. तू पुढे लिही की कोणाकडून, कुठल्या बिलावर, माल परत केला तर का. सहा महिन्यांत कायद्याच्या उत्तराची चार वाक्यं आपोआप उभी राहतात.

आणि बाबांच्या दुकानाचा तुला जेवढा उपयोग आहे तेवढा कुठल्या क्लासचा नाही. एखाद्या महिन्याची खरेदीची बिलं घे, तारखेप्रमाणे लाव आणि एकेक हातात धर. बिल कोणाच्या नावावर आहे? माल आला तो दिवस आणि बिलाची तारीख जुळते का? पैसे रोख गेले की उधारी आहे? मग बिल उलटं कर. मागे बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं सापडेल, '२ डझन फुटले, परत'. बिलाच्या पुढच्या बाजूला याचा पत्ताच नसतो. व्यापाऱ्याकडून क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम कमी केल्याची चिठ्ठी, आली का, ते शोध. आली नसेल तर त्या दोन डझनांचे पैसे बाबांनी भरलेत. पुस्तकातलं 'परचेस रिटर्न' असं भेटतं. बाबा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या दुकानदारांसाठीची सोपी योजना) आहेत का, तेही विचार. असतील तर खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट त्यांना मिळत नाही, म्हणून मालाची किंमत करासकट धरायची. नसतील तर कर वेगळ्या खात्यात जाईल आणि खरेदीचा आकडा बदलेल. हा फरक पहिल्या वर्षाला कोणी शिकवत नाही. तुला तो गल्ल्यावर बसून कळेल.

आमच्या ऑफिसात नवा आर्टिकल आला की पहिले काही आठवडे हेच काम देतो. व्हाउचर, बिल, रजिस्टर, हिरव्या पेन्सिलीची टिक. मुलांना वाटतं, एवढ्यासाठी का इंटर पास झालो. पण बिल उलटं करून बघायची सवय ज्याला लागते, त्याला पुढे ऑडिट वेगळं शिकवावं लागत नाही.

प्रश्न : पहिल्या सेमिस्टरला आहे. रोकड आली की डेबिट, असं वर्गात शिकलो. पण बँकेत पैसे भरले की पासबुकात क्रेडिट दिसतं. सर म्हणाले, 'बँकेच्या बाजूने बघ.' काय बघू?
– विद्यार्थी, वाघोडिया रोड

सर बरोबर बोलले, फक्त लवकर थांबले. पासबुक ही तुझी वही नाहीच. बँकेच्या खातेवहीत तुझ्या नावाचं जे पान आहे त्याची ती नक्कल. तू पाच हजार भरलेस की बँकेच्या रोकडीत पाच हजार वाढले आणि तेवढंच तुझं देणंही तिच्या डोक्यावर बसलं. देणं वाढलं की क्रेडिट. तुझ्या वहीत मात्र बँकेकडून तुझं येणं वाढलं, म्हणून बँक खातं डेबिट. व्यवहार एकच, लिहिणारे दोन.

डोळ्यांनी बघायचं असेल तर सयाजीराव महाराजांनी १९०८ साली सुरू केलेल्या आपल्या बँक ऑफ बडोदाचा वार्षिक अहवाल उघड. बँकेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. ताळेबंदात ठेवी भांडवल आणि देणी या बाजूला आहेत, शेड्यूल ३. दिलेली कर्जं मालमत्तेच्या बाजूला, शेड्यूल ९. म्हणजे तुझ्या आजीची एफडी शेड्यूल ३ मध्ये आणि शेजारच्या फ्लॅटचं होम लोन शेड्यूल ९ मध्ये. दुसऱ्या कुठल्याही व्यापारी बँकेचा अहवाल घेतलास तरी हे क्रमांक तेच राहतील, कारण हा नमुना बँकिंग नियमन कायदा, १९४९ मधूनच आलेला आहे. ज्याच्याकडे जास्त ठेवी ती श्रीमंत बँक, हा समज हे पान बघितल्यावर जरा हलतो. ठेव म्हणजे परत करायचे पैसे. बँकेची कमाई शेड्यूल ९ वर होते आणि बुडायची वेळ आलीच तर तीही बहुतेक तिथूनच येते. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की ते कर्ज एनपीए, म्हणजे थकीत, होतं, आणि त्यासाठी केलेली तरतूद वजा करूनच शेड्यूल ९ चा आकडा छापतात.

एवढं डोक्यात बसलं की दुसऱ्या सेमिस्टरला बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपली वही आणि पासबुक जुळवणं, रडवणार नाही. चेक तू दिलास, तुझ्या वहीत लिहून टाकलास, पण घेणाऱ्याने अजून भरलाच नाही. दोन वह्या जुळणार कशा?

प्रश्न : ट्रायल बॅलन्स जुळत नाही म्हणून रात्री दोन-दोन वाजतात. काही युक्ती आहे का?
– विद्यार्थी, निझामपुरा

आहे. आधी दोन्ही बाजूंचा फरक काढ. त्याच्या निम्म्याइतकी रक्कम तुझ्या खात्यांत कुठे आहे का बघ. असेल तर ती उलट्या बाजूला बसलीय. फरकाला ९ ने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोध. ५,४३० चे ४,५३० झाले की फरक ९००. दोन्हींपैकी काही नसेल तर बेरजा पुन्हा मार. तरीही नाही सापडलं तर झोप, सकाळी सापडतं.

पण जुळलं म्हणजे बरोबर आलं, असं समजू नकोस. स्कूटरच्या दुरुस्तीचे १,८०० रुपये तू 'वाहन' खात्यात टाकलेस तर डेबिटचं डेबिटच राहतं. ट्रायल बॅलन्स खुशाल जुळतो, नफा मात्र फुगतो आणि त्या दुरुस्तीवर वर्षानुवर्षं घसाराही लागत राहतो. एखादं बिल दोन्हीकडे लिहायचंच राहिलं, तरीही जुळतो. जुळलेल्या उत्तराचे गुण सरांनी कापले असतील तर असल्या ठिकाणी कापले असतील.

प्रश्न : टॅली, एक्सेल आणि आता एआय सगळं करतं. मग जर्नल हाताने का लिहायचं?
– विद्यार्थी, मांजलपूर

वरच्या उत्तरातली स्कूटर दुरुस्त झाली की नवी घेतली, हे टॅलीला तूच सांगणार ना? पहिलं वर्ष हाताने लिही, दुसऱ्यापासून एक्सेल मनापासून शीक. टॅलीच्या सर्टिफिकेटवर फार पैसे घालू नकोस, ऑफिसात बसलास की महिन्याभरात येतं.

प्रश्न : माझ्या मुलाने सीए इंटरचा पहिला ग्रुप दुसऱ्यांदा दिला. ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगला ६१, कायद्याला ४४, टॅक्सेशनला ४२. तिन्ही विषयांत चाळीसच्या वर असून नापास! तपासणीत काही गोंधळ आहे का? तो खोलीतून बाहेर येत नाही. घरात लग्नकार्य आहे, लोक विचारतात. पुढे काय करावं?
– निवृत्त कर्मचारी, कारेलीबाग

गोंधळ दिसत नाही. प्रत्येक पेपरात ४० हवेत, हे तुम्ही धरलंत. त्याबरोबर ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्केही लागतात, म्हणजे ३०० पैकी १५०. तुमच्या मुलाचे होतात १४७. तीन गुणांनी गेला. शंकाच असेल तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. मागवा, पण भांडायला नको. कायद्याच्या पेपरात तो कुठे थांबला ते दोघांनी मिळून बघा.

आता तुमच्या पत्रात नसलेली चांगली बातमी. एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त गुण पडले आणि ग्रुप राहिला, तर त्या पेपरात पुढच्या तीन प्रयत्नांपर्यंत सूट मिळते आणि ते गुण धरले जातात. म्हणजे ६१ हातात आहेत. कायदा आणि टॅक्सेशन मिळून ८९ हवेत, प्रत्येकी किमान ४०. आत्ता त्याचे या दोन्हींत ८६ आहेत. नापास म्हणून खोलीत बसलेल्या मुलाला हा हिशेब कोणी सांगितलाय का, ते आधी विचारा.

दोन्ही पेपरांत ३० गुण वस्तुनिष्ठ असतात आणि इंटरला त्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आमच्याकडे येणारी मुलं लेखी उत्तरं घोटत बसतात आणि या तिसाकडे शेवटच्या आठवड्यात बघतात. कमी पडलेले गुण मला तिथेच दिसतात. दुसरं, टॅक्सेशनची पुस्तकं. १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून आला आहे. 'प्रीव्हियस इयर' आणि आकारणी वर्ष ही जुनी जोडी जाऊन एकच 'टॅक्स इयर' आलं, कलमांचे क्रमांक बदलले. जीएसटीचे दरही २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. त्याच्या प्रयत्नाला नेमका कुठला कायदा लागू आहे ते इन्स्टिट्यूटच्या सूचनेत बघा आणि चुलतभावाच्या जुन्या नोट्स रद्दीत द्या.

त्याला दिवसाचे चार तास एखाद्या छोट्या ऑफिसात बसवा. पगार थोडाच मिळेल. पण महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची धांदल एकदा अंगावर आली की टॅक्सेशन पुस्तकातून उठून बसतं. शिवाय घराबाहेर पडणं होतं, जे आत्ता अभ्यासाइतकंच गरजेचं आहे.

किती प्रयत्न करायचे, हे मात्र आजच ठरवा आणि त्यालाच ठरवू द्या. सूट लागू आहे तोवरचे प्रयत्न, त्यानंतर दुसरी वाट, असं माझं मत. बी.कॉम. झालेलं आहे, तर सीएमएचा (कॉस्ट अकाउंटंट) अभ्यासक्रम आहे. कॉस्टिंग आवडत असेल तर इथल्या कारखान्यांत त्या माणसाला काम असतं. एम.कॉम. आहे, बँकेच्या परीक्षा आहेत. आणि लग्नात 'अजून सीएच करतोय का?' असं विचारणाऱ्यांना तुम्ही उत्तर द्या, मुलाला पुढे करू नका. विचारणाऱ्याला ग्रुप किती असतात तेही माहीत नसतं.

प्रश्न : मी फायनान्स घेऊन शेवटच्या वर्षाला आहे. बाबांचं मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहत) लेथ-मिलिंगचं वर्कशॉप आहे, प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचं. यंदा हिशेबात ७ लाख नफा निघाला. बाबा म्हणतात, 'सात लाख आहेत कुठे ते दाखव, खात्यात तर ओव्हरड्राफ्ट आहे.' वर्गात कॅश फ्लो शिकलो, पण त्यांना पटवता येईना. आकडे असे, जीएसटी सोडून : विक्री ६० लाख, गेल्या वर्षी ५२. घसारा २ लाख. ग्राहकांकडून येणं ८ लाखांवरून १७ लाख. माल ३ लाखांनी वाढला, आमची देणी २ लाखांनी वाढली. मशीनच्या कर्जाचं ३ लाख मुद्दल फेडलं.
– विद्यार्थी, तरसाली

या गठ्ठ्यातलं मला सर्वांत आवडलेलं पत्र. आकडे मागावे लागले नाहीत.

नफ्यापासून निघू. ७ लाख. त्यात घसाऱ्याचे २ परत मिळव, कारण तो खर्च लिहिला तरी पैसे कोणाला दिलेले नाहीत. झाले ९. आता येणं बघ. ८ चं १७ झालं, म्हणजे ९ लाखांची बिलं विक्रीत मोजली पण पैसे आलेच नाहीत. उरलं शून्य. बाबांचा सगळा नफा इथेच अडकलाय, ग्राहकांच्या खिशात. मालात आणखी ३ गेले, उणे ३. तुमच्या व्यापाऱ्यांनी २ लाखांसाठी थांबून घेतलं, म्हणून उणे १. म्हणजे ७ लाख नफ्याच्या वर्षात धंद्याने उलट १ लाख ओढले. वर कर्जाचं मुद्दल ३. व्याज नफा काढतानाच वजा झालेलं असतं, मुद्दल होत नाही, म्हणून ते नफातोटा पत्रकात कुठेच दिसत नाही. एकूण उणे ४.

आणि एक आकडा तू पाठवलेला नाहीस. घरी काढलेले पैसे. प्रोप्रायटरशिपमध्ये घरखर्च हा धंद्याचा खर्च नसतो, तो भांडवलातून जातो. किराणा, दवाखाना, बाबांचा आयकर आणि तुझी फी. तो आकडा या उणे ४ च्या खाली लिहिलास की ओव्हरड्राफ्ट बहुतेक सगळा समोर येईल.

बाबांना मात्र यातलं काही एएस-३ च्या, म्हणजे कॅश फ्लोच्या पुस्तकी नमुन्यात दाखवू नकोस. तीन मथळे आणि कंसातले आकडे बघितले की ते चष्मा काढून ठेवतील. त्यांना दिवस सांग. गेल्या वर्षी ५२ लाखांवर ८ लाख येणं, म्हणजे साधारण ५६ दिवसांची विक्री. यंदा ६० वर १७, म्हणजे १०३ दिवसांची. बिल केल्यापासून पैसे हातात यायला पूर्वी दोन महिन्यांच्या आत लागायचे, आता साडेतीन महिन्यांच्या आसपास. वर्कशॉपवाल्या माणसाला हे लगेच कळतं, कारण स्टीलवाला त्याला साडेतीन महिने देत नाही.

विक्री ८ लाखांनी वाढली आणि येणं ९ लाखांनी. माझा संशय असा की यंदा एखादी मोठी कंपनी नवी जोडली गेली आणि तिने ९० दिवसांची उधारी मागून घेतली. तसं असेल तर तो करार कायद्यापुढे टिकणारा नाही. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यातून २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून आयकरात आणखी एक तरतूद आली. या मुदतीत पैसे दिले नाहीत तर ती खरेदी घेणाऱ्याला खर्च म्हणून वजाच मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते.

कागदावर हे सगळं तुमच्या बाजूचं आहे. पण मकरपुऱ्यातला कोणी लेथवाला मोठ्या गिऱ्हाइकाला कायद्याची नोटीस पाठवत नाही, हे मलाही माहीत आहे. पुढची ऑर्डर जाते. कायद्याचा उपयोग दुसऱ्या बाजूने होतो. मार्च जवळ आला की कंपन्यांचे अकाउंट्सवालेच सप्लायरचे उद्यम नंबर (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचे क्रमांक) गोळा करत फिरतात, कारण त्यांचा कर वाढतो. तेव्हा आपलं नाव त्यांच्या यादीत असलं पाहिजे. बाबांची उद्यम नोंदणी आहे का बघ. नसेल तर आधी कर, मागच्या तारखेच्या मालाला ती उपयोगी पडत नाही. नंबर बिलावर छापून घे. गिऱ्हाईक कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर तिला ट्रेड्स (TReDS) या ऑनलाइन मंचावर नोंदणी बंधनकारक आहे. त्या मंचावर कंपनीने बिल मान्य केलं की बँक थोडी कसर कापून पैसे लवकर देते आणि मुदत भरल्यावर कंपनीकडून वसूल करते. कसर किती जाते ते ओव्हरड्राफ्टच्या व्याजाशी ताडून बघ. तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय मिळणार नाही. सरांना 'वर्किंग कॅपिटल' एवढं सांगितलंस तरी पुरे.

या आठवड्यात एकच काम कर. पार्टीवार यादी काढ, कोणाकडे किती आणि किती दिवसांपासून, सर्वांत जुनं वर. घरी काढलेल्या पैशांचा आकडा मिळाला की पुन्हा लिही, उरलेलं पुढच्या अंकात बघू.